लेकीच्या घरचे पाणी

शके सतराशे सोळा, आनंदनाम संवत्सर, वैशाख वद्य त्रयोदशी. वैशाख हा शास्त्राप्रमाणे वसंत ऋतूचा महिना. आमच्या माळावर मात्र त्या महिन्यात वसंत कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. वार कोणता होता हे जुनी माणसे सांगत नाहीत, म्हणून मीही सांगणार नाही. तिथीबद्दल मात्र दोन्ही गावांत दुमत नाही.

आपण उभे आहात तो वरच्या मोरथळच्या तळ्याचा बांध. तळ्यातले पाणी एकवार नीट पाहून घ्यावे. पावसाळ्यात ते तांबडे असते, हिवाळ्यात मातकट, आणि गुरे उतरली की चिखलासारखे. आता उतारावर नजर टाकावी. चिंचांची राई आणि तिच्यामागची घरे दिसतात, ते खालचे मोरथळ. मधले अंतर पाऊण कोस. त्या राईत दगडी पायऱ्यांचे एक कुंड आहे, आणि त्यातले पाणी इतके निवळ की तळाशी पडलेली सुई वरून दिसावी. तिसरी पाहण्याजोगी गोष्ट या तळ्याच्या मध्यभागी आहे, पण ती उन्हाळ्यातच दिसते. तिथे पुरुषभर लांबीचा एक खड्डा आहे. त्यास 'पाटलाची पहार' म्हणतात. तळे, कुंड आणि पहार या तिन्हींची हकीकत एकच आहे. ती अशी सांगतात.

त्या काळी वरच्या मोरथळची पाटीलकी निंबाजी याच्याकडे होती. माणूस शब्दाचा पक्का आणि गावाचा कैवारी. पुढे त्याच्या हातून जे घडले ते दुष्टाव्याने घडले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्याची एकुलती लेक सगुणा खालच्या मोरथळात दिलेली होती. लग्नाच्या दिवशी विहीण राहीबाई हिने व्याह्यापुढे कुंडाच्या पाण्याचा तांब्या धरला. निंबाजीने हात जोडले. नातवंडाचे तोंड पाहिल्यावाचून बापाने लेकीच्या घरचे पाणी प्यायचे नाही, अशी तेव्हा रीत होती. आणि निंबाजी तर लेकीचे घर म्हणजे लेकीचे सारे गाव असे मानणारा. राहीबाई जिभेची तिखट. ती म्हणाली, "व्याहीबुवा, पोटची पोर दिलीत अन् घोटभर पान्याला भ्यालात व्हय?"

मांडव हसला. निंबाजीही हसला, पण तांब्याला त्याने हात लावला नाही. पुढे तीन वर्षे सगुणेच्या पदरी मूल आले नाही, आणि कुंडाच्या पाण्याची चव कशी असते हे निंबाजीला कधी कळले नाही.

मग एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. हे तळे आटत आटत मधल्या डबक्यापुरते उरले. वरच्या गावच्या बाया चिखल गाळून घागरी भरू लागल्या. गुरांच्या बरगड्या मोजाव्यात अशी अवस्था झाली. आणि त्याच दिवसांत खालचे कुंड मात्र निम्म्याहून अधिक भरलेले असे. खालून येणारा जाणारा सहज सांगे की आमचे पाणी अजून गार आहे. सांगणाऱ्याच्या मनात काही नसे. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते राही.

मोरथळची जुनी घरे धाब्याची. धाब्याचे घर म्हणजे ज्याला उतरते छप्पर नाही. लाकडांवर मातीचा जाड थर, आणि त्यावर गावठाणातली पांढरी माती. ती माती भिजवून, तुडवून, चोपून एकदा बसली की चार महिन्यांचा पाऊस वर नाचून जातो, पण घरात थेंब उतरत नाही. या कामात वरच्या मोरथळचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. शके सतराशे पंधरा सरत आले होते. फाल्गुनात निंबाजीने गाव जमवला आणि म्हणाला, जी माती डोक्यावरचे पाणी आत येऊ देत नाही, ती पायाखालचे पाणी बाहेर तरी कशी जाऊ देईल? ही गोष्ट दुसऱ्या कोणत्या गावाला सुचली नसती. या गावाला ती सुचली, कारण आपल्या घरांवर त्यांचा विश्वास होता.

सारा गाव राबला. उरलेले डबके रांजणांत भरून रिकामे केले, तळाचा गाळ उपसून शेतात टाकला, आणि उघड्या पडलेल्या मुरमावर हातभर जाडीचा पांढऱ्या मातीचा थर घातला. म्हशी फिरवून तो तुडवला. बायांनी चोपण्यांनी तो चोपला. दुरून पाहणाऱ्यास जमिनीत कोणी मोठी परात पुरून ठेवली आहे असे वाटे, म्हणे.

चैत्रात एक वळीव आला. असा वळीव की एका दुपारीत तळे अर्धे भरले. लोक बांधावर उभे राहून दररोज काठावरची खूण पाहू लागले. पाणी भुईत बोटभरही उतरले नाही. उन्हाने नेले तेवढेच गेले. निंबाजीच्या नावाचा गजर झाला. फक्त एक गोष्ट झाली, जिच्याकडे त्या आनंदात कोणी लक्ष दिले नाही. पाणी पांढरे होते. वळवाच्या माऱ्याने नव्या लिंपणाची माती ढवळली गेली असेल, बसेल चार दिवसांत, असे सर्वांनी धरले. चार दिवस गेले, पंधरवडा गेला. पाणी ताकासारखेच राहिले. लोक तेच पीत होते आणि मुलांची पोटे बिघडत होती.

आणि त्या पंधरवड्यात खालचे कुंड खाली जाऊ लागले. एकेक पायरी उघडी पडली. दुष्काळातही ज्या पायऱ्या कोणी पाहिल्या नव्हत्या, त्यांवरचे शेवाळ उन्हात वाळून करपले. वैशाख वद्य दशमीस कुंडाच्या तळाची वाळू दिसली. राहीबाईने ती हाताने उकरली. कोपरापर्यंत उकरली तरी ती कोरडी होती.

खालच्या गावाने पाणी दुसरीकडे शोधले, सापडले नाही, आणि गाव सोडण्याचे ठरवले. अमावास्येस कोणी प्रस्थान ठेवत नाही; म्हणून ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेची सकाळ नेमली. त्यापूर्वी एकदा वर जाऊन पाहावे म्हणून वैशाख वद्य द्वादशीस खालची वृद्ध मंडळी याच बांधावर आली. त्यांनी निंबाजीला विनवले की तळ्याचा तळ फोडावा, कारण तळ्यातलेच पाणी भुईतून कुंडात येत होते. निंबाजीने त्यांना बसवले, गूळ दिला, आणि शांतपणे विचारले, "माझं पानी सदा गढूळ, तुमचं सदा निवळ. गढुळाचं निवळ वाटंत कोन करतं? तुमचं पानी पाताळाचं. ते आटलं, त्याला मी काय करू?"

 खरे तर हा प्रश्न खोटा नव्हता. भुईच्या आत पाण्याचे काय होते हे कोणी पाहिले आहे? मंडळी खाली मान घालून परतली. खालच्या गावात त्या संध्याकाळी सगुणेला कोणी उघड बोलले नाही. पण तिच्या हातून भाकरीचे पीठही कोणी घेईना. राहीबाईने तेवढी तिची बाजू धरली. सुनेचा बाप चुकला म्हणून सून चुकत नाही, असे ती चार घरी बजावून आली.

त्रयोदशीस उजाडता सगुणा एकटी चढण चढून आली. बरोबर तांब्याचे एक घंगाळ होते. तिने तळ्यातले पाणी त्यात भरले आणि ते बांधावर ठेवले. मग माहेरी घडवलेली कानातली बुगडी काढून तिने त्या पाण्यात टाकली. बुगडी दिसेनाशी झाली. निंबाजी आला. त्याने विचारले, हे काय? ती म्हणाली, "आबा, तुमी सदा म्हनता, पानी थांबलं की निवळतं. ह्ये थांबलेलंच हाय. बुगडी दिसली की मी ह्येच पानी पिऊन गावाबरोबर जाते. न्हाई दिसली, तर तुमी तळ फोडायचा. तवर माझ्या तोंडाला पानी लागायचं न्हाई."

निंबाजी मनात निर्धास्त होता. लहानपणापासून त्याने पाहिले होते की गढूळ घागर सायंकाळपर्यंत निवळते. जड माती आधी बसते, हलकी मागाहून, आणि शेवटी वर पाणी तेवढे उरते. त्याने चार माणसांदेखत होकार दिला. सायंकाळी लेक पाणी पिईल आणि विषय संपेल, असा त्याचा हिशेब होता. कोणी तरी निवळीचे बी आणले. घंगाळाला आतून ते उगाळून लावले की पाणी लवकर निवळते. सगुणेने ते लावू दिले नाही. पाण्याने आपल्या मनाने निवळावे, एवढेच ती म्हणाली.

सायंकाळी घंगाळ पांढरे होते.

चतुर्दशीस सकाळी पांढरे होते. दुपारी ऊन असे पडले की बांधावरच्या दगडाला हात लागेना. बायांनी तिच्यावर पासोडीची सावली धरली. तिचे ओठ फुटले. निंबाजी दर घटकेस येऊन घंगाळात वाकून पाही. वाऱ्याने हलते असेल म्हणून त्याने भोवती घोंगड्या लावल्या. काही जण सांगतात की ती सात दिवस बसली. ते खरे नव्हे. वैशाखात पाण्यावाचून सात दिवस माणूस राहत नाही. जे खरे आहे तेवढेच पुरेसे आहे.

त्या पाण्यातली माती बसत नव्हती, कारण ती बसण्याइतकी जाड नव्हतीच. पांढऱ्या मातीचा अगदी बारीक अंश पाण्यात असा तरंगत राहतो, की पाणी कितीही काळ स्थिर ठेवा, तो खाली यायचे नाव घेत नाही. धाब्यावर जो गुण होता तोच इथे दोष झाला. हे आज सांगता येते. निंबाजीला एवढेच दिसत होते की आपण थांबवलेले पाणी निवळत नाही आणि लेकीची मान आता सरळ राहत नाही.

अमावास्येस उजाडले. निंबाजीने घंगाळात पाहिले. बुगडी दिसली नाही. त्याने घरातून पहार आणली आणि तो तळ्यात उतरला.

तेव्हा वरचा गाव आडवा आला. पाण्यात उभे राहून लोक म्हणाले, पाटील, शब्द तुम्ही दिलात. पाणी आमच्या लेकरांचे आहे. हेही खरेच होते. पाऊस अजून महिनाभर दूर. हे पाणी गेले तर दुसरे नाही. निंबाजी थांबला. तो म्हणाला, "लिंपा म्हनून मीच सांगितलं. त्ये पाप तुमच्या माथी कशाला?" मग कोणी आडवे राहिले नाही, पण कोणी हातही लावला नाही. छातीभर पाण्यात तो मध्यापर्यंत गेला आणि एकट्याने पहार घालू लागला. लिंपण पक्के होते. त्यानेच पक्के करवून घेतले होते. पुष्कळ वेळाने पहार खाली एकदम निसटली, आणि पाण्यात एक भोवरा पडला.

सारा दिवस ते पांढरे पाणी त्या भगदाडात उतरत राहिले. आवाज नव्हता, म्हणे. अंधार पडेतो तळ्यात ओल्या पांढऱ्या मातीखेरीज काही उरले नाही. पाणी कुठे गेले हे कोणाला दिसले नाही. खालून निरोप आला: कुंड कोरडे आहे. वरच्या गावचे पाणी गेले होते आणि खालच्या गावाला ते मिळाले नव्हते. त्या घडीला मोरथळात दोन गावे तहानलेली होती, आणि दोहोंच्या दरम्यान पाऊण कोस मुकी भुई होती. निंबाजी लेकीच्या उशाशी येऊन बसला. तिला पाणी पाजावे म्हटले, तर घंगाळातले पांढरे पाणी ती घेईना, आणि दुसरे पाणी कुठले?

प्रतिपदेस खालच्या गावाने बैल जुंपले. राहीबाई कुंडाचा निरोप घ्यायला हळदकुंकू घेऊन पायऱ्या उतरली. तळाच्या वाळूवर तिने हळद वाहिली, कुंकू वाहिले. मग ते कुंकू हलताना तिला दिसले.

वारा नव्हता. झोपलेल्या वासराची नाकपुडी हलावी तशी वाळू एका जागी हलत होती. कण उचलला जाई, पुन्हा बसे. मग तिथे ओल आली, ओलीचा डाग झाला, डागाचे ओंजळभर पाणी झाले.  राहीबाई शेवटच्या पायरीवर हात जोडून बसून राहिली. तिला वाटले, आता पांढरे येईल. पांढरेच गेले होते. पाणी चढत होते, त्यातून कुंकवाचा कण नि कण दिसत होता, आणि त्यात पांढऱ्याचा लवलेश नव्हता. मुरमाच्या फटीफटींतून, वाळूच्या कणाकणाशी अंग घासत, ते पाणी पाऊण कोस आले होते. वाटेत भुईने त्याच्याजवळची माती ठेवून घेतली होती आणि पाणी तेवढे पुढे पाठवले होते. उघड्या घंगाळात स्थिर राहून जे साधले नाही, ते अंधारात चालून साधले.

तिने घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि जुंपलेल्या गाड्यांमधून ती वर निघाली. लोकांनी घागरीच्या बुडाचे ठिबकणारे पाणी पाहिले. गाड्या तिथेच राहिल्या. माणसे तिच्यामागून चालू लागली.

बांधावर सगुणा निजून होती. राहीबाईने घंगाळातले पांढरे पाणी ओतून टाकले. बुगडी तळाशी तशीच राहिली. तिने वरून कुंडाचे पाणी ओतले. पाणी डुचमळले, थांबले, आणि त्या पाण्यातून बुगडीचा मोती न् मोती दिसू लागला. दोन्ही गावे वाकून पाहत होती.

निंबाजीने ओंजळीत पाणी घेतले आणि लेकीच्या ओठांपाशी नेले. तिने तोंड बाजूला वळवले. आवाज फुटत नव्हता, पण जवळच्यांनी ऐकले.

"आबा, आधी तुमी."

सर्वांना समजले. कुंडाचे पाणी जर कुंडाचेच, तर ते लेकीच्या घरचे. त्याने ते पिऊ नये. आणि पिणार असेल, तर ते आपल्याच तळ्याचे आहे हे त्याने कबूल केले पाहिजे. आपण जे अडवले ते दुसऱ्याच्या घराचे दार होते, हेही.  राहीबाईने पदर सावरला आणि विहिणीने व्याह्यासमोर उभे राहावे तशी ती उभी राहिली.

निंबाजीने ओंजळ आपल्या तोंडाला लावली. पाणी त्याने पुष्कळ वेळ तोंडात धरले, असे सांगतात. मग ते गिळून तो म्हणाला, "ह्ये आपल्याच तळ्याचं हाय."

"व्हय, आबा," सगुणा म्हणाली. "चालत आलंय."

मग ती प्यायली.

त्या उन्हाळ्यात वरचा गाव पाऊस पडेपर्यंत खालच्या कुंडावर पाणी भरत होता. राहीबाई पायरीवर बसून प्रत्येकीला म्हणे, "भरा बायांनो, तुमचंच हाय, आमी निस्तं निवळून ठिवलंय." सगुणा पुढे पिकल्या केसांची होऊन गेली. तिला मुले झाली की नाही, याविषयी दोन्ही गावे वेगवेगळे सांगतात, आणि त्याला महत्त्व नाही. कारण त्यानंतर निंबाजीला तिच्या घरून कधी तहानलेले परत यावे लागले नाही.

आजही तळे कोरडे पडले की वरच्या मोरथळची माणसे गाळ उपसतात आणि खालची तो वाहून शेतात नेतात; पाटलाच्या पहारीत गाळ राहू देत नाहीत, आणि या तळ्याच्या काठी पांढरी माती आणत नाहीत. आजही वरची लेक खाली दिली की मांडवात कुंडाच्या पाण्याचे घंगाळ येते, त्यात नवरीची बुगडी टाकतात, ती सर्वांना दिसली की नवरीचा बाप पहिली ओंजळ पितो, आणि मगच पंगती बसतात. बाहेरगावचे पाहुणे कुजबुजतात की हा बाप लेकीच्या घरचे पाणी कसा प्याला.  हा प्रश्न आमच्याकडे शके सतराशे सोळा, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेस, दिवसाच्या पहिल्या प्रहरी, याच बांधावर मिटला आहे.